घरचा कॉम्प्युटर हळू चालतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं नीट बघा

"कॉम्प्युटर स्लो झालाय" एवढ्यावरून काहीच कळत नाही. तो कधी अडतो आणि कसा अडतो, हे सांगता आलं की निम्मं निदान तिथेच होतं.

- डेस्कटॉप दिसतो, पण पुढची पाच-दहा मिनिटं काहीच उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो. संशय स्टार्टअपच्या गर्दीवर आणि फिरत्या हार्ड डिस्कवर.
- सुरुवातीला बरा चालतो. क्रोमचे आठ-दहा टॅब आणि सोबत एखादी मोठी एक्सेल फाइल उघडली की अडखळतो. एका खिडकीतून दुसरीत जाताना पडदा पांढरा पडतो. रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) कमी पडतेय.
- अर्धा-पाऊण तास ठीक, मग पंखा जोरात, मग सगळंच मंद. बंद करून थंड होऊ दिला की पुन्हा ठीक. उष्णता.
- मधूनच दहा-वीस सेकंद गोठतो. माऊस हलतो पण क्लिक लागत नाही, आणि मग साठलेल्या सगळ्या क्लिक एकदम लागू होतात. डिस्क आजारी आहे किंवा तिची केबल.
- कोणी हात लावलेला नसताना पंखा घोंघावतो, ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं असतं, कोपऱ्यात जाहिराती येत राहतात. व्हायरस किंवा नको ते सॉफ्टवेअर.
- वर्ड-एक्सेल झटकन उघडतं, फक्त वेबसाइट हळू. त्याच वायफायवर मोबाइलवर तेच पान उघडून बघा. तिथेही रखडत असेल तर दोष इंटरनेटचा आहे, कॉम्प्युटरवर खर्च करू नका.

आपल्याकडे २०१५ ते २०१९ च्या दरम्यान घेतलेले घरगुती डेस्कटॉप आणि लॅपटॉप बरेचसे एकाच साच्यातले आहेत: ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. खालचा क्रम असंच मशीन डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. विंडोज ११ मध्ये मेनूची नावं थोडी इकडची तिकडे होतात, तपासण्या त्याच राहतात.

काहीही बदलण्याआधी मोजा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली "मोअर डिटेल्स" दाबा. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतील. कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं तसाच सोडा आणि मग हे आकडे बघा. सुरू झाल्या झाल्या बघितलेले आकडे फसवतात, कारण तेव्हा विंडोज स्वतःचीच कामं उरकत असतं.

दहा मिनिटांनंतरही, काहीही उघडलेलं नसताना:

डिस्क १०० टक्क्यांजवळ असेल तर मशीन डिस्कची वाट बघतंय. मेमरी ८० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. सीपीयू ३०-४० टक्क्यांच्या वर टिकून असेल तर एखादा प्रोग्रॅम पार्श्वभूमीला राबतोय. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की तो यादीत सगळ्यात वर येतो.

डिस्कचा आकडा वाचताना एक गैरसमज नेहमी होतो. १०० टक्के म्हणजे डिस्क भरली असं नाही, तिला एका क्षणाचीही उसंत नाही असा त्याचा अर्थ. "परफॉर्मन्स" टॅबमध्ये डावीकडे "डिस्क ०" वर क्लिक करा. तिथे "ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम" दिसतो, मिलिसेकंदांत. डिस्कला एखादं काम सांगितल्यापासून ते व्हायला लागलेला हा वेळ. एसएसडीत, म्हणजे फिरणारा भाग नसलेल्या डिस्कमध्ये, तो एरवी एक-दोनच्या आसपास खेळतो. चांगल्या फिरत्या डिस्कला हलक्या कामात दहा-वीस लागतात. काही विशेष चाललेलं नसताना तो शेकड्यांत जात असेल आणि त्याच वेळी वाचन-लेखनाचा वेग जेमतेम एक-दोन एमबी दिसत असेल, तर डिस्क थकली आहे किंवा बिघडायला लागली आहे. अशा मशीनवर बाकी साफसफाई करण्याआधी खालचा "डिस्कची तब्येत" हा भाग वाचा.

त्याच खिडकीत डिस्कच्या नावापुढे एचडीडी (फिरती) की एसएसडी तेही लिहिलेलं असतं. एकदा कागदावर टिपून ठेवा: डिस्कचा प्रकार, रॅम किती, रॅमच्या किती खाचा वापरात आहेत ("स्लॉट्स यूज्ड"), सीपीयूचं नाव. पुढे दुकानात हाच कागद कामाला येतो.

रीस्टार्ट, शटडाउन नव्हे

सीपीयूच्या पानावर खाली "अप टाइम" असतो. रोज रात्री बंद होणाऱ्या कॉम्प्युटरवरही तिथे बऱ्याचदा पंधरा-वीस दिवस दिसतात. कारण "फास्ट स्टार्टअप" सुरू असताना शटडाउन केलं की विंडोजचा गाभा खरोखर बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत चढवली जाते. आठवडाभर अडकून पडलेला ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा अर्धवट राहिलेला अपडेट त्यासोबत परत येतो. "रीस्टार्ट" मात्र ती साठवलेली अवस्था टाकून विंडोज नव्याने सुरू करतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप कायमचा बंद करण्याची गरज नाही. फिरत्या डिस्कवर तो बंद केला तर सकाळी सुरू व्हायला उलट जास्त वेळ लागतो.

महिना-दोन महिने बंद असलेला कॉम्प्युटर उघडला असेल तर त्याला दोन-तीन तास चार्जरवर, इंटरनेटला जोडून नुसता सोडा. साठलेले अपडेट आणि डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसची तपासणी एकदमच सुरू होते. यादीत "विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर" किंवा "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" वर दिसत असेल तर ते काम संपू द्या. मध्येच बटण दाबून बंद केलं की तेच काम पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतं.

स्टार्टअपची यादी

टास्क मॅनेजरमध्येच "स्टार्टअप" टॅब आहे. नावावर राइट क्लिक करून "डिसेबल". याने प्रोग्रॅम काढून टाकला जात नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो. पाहिजे तेव्हा परत "एनेबल" करता येतो, म्हणून इथे घाबरण्यासारखं काही नाही.

टीम्स, स्पॉटिफाय, टॉरेंट, गेमचे लाँचर, प्रिंटरच्या कंपनीचं "शाई मागवा" सांगणारं सॉफ्टवेअर, फोन जोडायचे प्रोग्रॅम हे सगळे बंद करा. प्रिंटर त्याशिवाय छापतो. वनड्राइव्ह वापरत नसाल तर तोही. राहू द्यायचे ते: विंडोज सिक्युरिटी, लॅपटॉपच्या टचपॅडचा प्रोग्रॅम, आवाजाचा ड्रायव्हर. मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्याचीही नोंद इथेच असते. ती बंद केली की दुसऱ्या दिवशी घरात "मराठी उमटत नाही" अशी ओरड होते.

फिरत्या डिस्कवर याचा परिणाम लगेच जाणवतो. सुरू होताना वीस प्रोग्रॅम एकदम डिस्क मागतात आणि ती एका वेळी एकालाच देऊ शकते.

सी ड्राइव्ह लाल झालाय का?

सी ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा मोकळी हवी. रॅम भरली की विंडोज जादाचा माल सी ड्राइव्हवरच्या पेज फाइलमध्ये ठेवतं, अपडेटला उलगडायला काही जीबी लागतात, आणि एसएसडी भरत आली की नवीन लिहिण्याआधी तिला जुने ब्लॉक रिकामे करत बसावं लागतं.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादी येईपर्यंत थांबा आणि मग खुणा करा. सावध राहायचं ते "डाउनलोड्स" या ओळीपाशी. तिच्यावर खूण राहिली तर उतरवून घेतलेली प्रमाणपत्रं, सातबारा, बँकेची स्टेटमेंट, सगळं जातं. ती खूण काढून टाका. "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन" दिसत असेल तर दहा-वीस जीबी एका झटक्यात सुटतात, मात्र त्यानंतर जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही.

आपल्याकडच्या दुकानांची एक जुनी सवय इथे नडते. १ टीबीच्या डिस्कचे तीन-चार भाग पाडून सी ला १०० जीबी द्यायचे, बाकी डी, ई, एफ. पाच वर्षांनी सी ठासून भरलेला असतो आणि ई रिकामा. अशा वेळी पार्टिशनची चिरफाड करण्यापेक्षा फोल्डर हलवणं सुरक्षित. ते असं: डी ड्राइव्हवर आधी "डाउनलोड्स" नावाचा नवा फोल्डर बनवा. मग सी मधल्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, "लोकेशन" टॅब, "मूव्ह", आणि तो नवा फोल्डर निवडा. फोल्डर न बनवता थेट डी ड्राइव्हच निवडला तर विंडोज अख्खा डी म्हणजेच डाउनलोड्स समजायला लागतं आणि ते मागे फिरवताना नाकी नऊ येतात. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज याच पद्धतीने हलवता येतात. पण डी हा त्याच डिस्कचा भाग असेल तर याने फक्त जागा मिळते, बॅकअप होत नाही. डिस्क गेली की दोन्ही जातात.

ब्राउझर

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातं ते दिसतं. न ओळखता येणारी एक्स्टेन्शन काढून टाका. सेटिंग्जमधल्या "परफॉर्मन्स"मध्ये मेमरी सेव्हर सुरू करा. मागे पडलेले टॅब मग रॅम अडवत नाहीत. ४ जीबीच्या मशीनवर याने चांगला फरक पडतो.

कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस" असं येत असेल तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिली गेलेली असते. क्रोमच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी साइट काढा. अशा पडद्यावर फोन नंबर दिलेला असेल तर त्यावर फोन करू नका, आणि पलीकडचा माणूस सांगेल ते रिमोट ॲप टाकू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. इथे मिनिटांना किंमत असते.

अँटीव्हायरस दोन, व्हायरस तिसरा

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच आहे आणि घरगुती वापराला पुरतो. त्यावर मुदत संपलेला पैशाचा अँटीव्हायरस आणि वर एखादा फुकटचा, असं मिश्रण बऱ्याच घरांत सापडतं. उघडली जाणारी प्रत्येक फाइल दोघे तपासायला गेले की फिरती डिस्क बसते. एकच ठेवा. पैशाचा ठेवायचा असेल तर मुदत भरा, नाहीतर काढून टाका. काढताना त्या कंपनीने दिलेलं रिमूव्हल टूल वापरा, कारण साध्या अनइन्स्टॉलनंतर ड्रायव्हर मागे राहू शकतात.

संशय असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडा आणि "स्कॅन ऑप्शन्स"मधून "ऑफलाइन स्कॅन" निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज चढण्याआधी, साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते. लपून बसलेले व्हायरस विंडोज चालू असताना स्वतःला झाकतात, म्हणून हीच पद्धत जास्त कामाची. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह आणि पैशाचं सॉफ्टवेअर फुकट चालवण्यासाठी टाकलेला क्रॅक, हे दोन दरवाजे आधी तपासा. क्रॅकसोबत आलेला मायनर दुसऱ्या कोणासाठी क्रिप्टोकरन्सीची नाणी खणत राहतो. पंखा तुमचा फिरतो आणि बिलही तुमचंच.

"पीसी बूस्टर", "रजिस्ट्री क्लीनर", "ड्रायव्हर अपडेटर" अशा नावाचं काहीही टाकू नका. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, जुन्या नोंदींनी कॉम्प्युटर जाणवण्याइतका हळू होत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र सुरूच होत नाही. ॲनिमेशन बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. फायदा थोडा असतो. करायचाच असेल तर "अडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स" निवडल्यावर "स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स" ची खूण परत लावा, नाहीतर मराठी अक्षरांच्या मात्रा-वेलांट्या फाटलेल्या दिसतात आणि वाचताना डोळे दुखतात.

लॅपटॉप असेल तर चार्जर बघा

ही तपासणी फुकट आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा "बेस स्पीड" समजा २.४० गिगाहर्ट्झ आहे, आणि काम चालू असताना खरा "स्पीड" ०.७९ किंवा ०.३९ वरच खिळून राहिलाय. सीपीयूला मुद्दाम दाबून ठेवलेलं आहे. कारण तीनपैकी एक: बॅटरी सेव्हर सुरू राहिला, मशीन तापलं, किंवा चार्जर कमी वॉटचा आहे. मूळ ६५ वॉटच्या जागी ४५ वॉटचा स्वस्त चार्जर लावला, किंवा मूळ चार्जरची पिन आतून तुटली, तर काही लॅपटॉप तो चार्जर ओळखत नाहीत आणि वीज वाचवायला वेग पाडतात. सुरू होताना ॲडॅप्टरबद्दल इशारा येतो, आणि लोक एंटर दाबून पुढे जातात. चार्जरवर आणि लॅपटॉपच्या पोटावर छापलेले व्होल्ट-अँपिअर जुळवा. ओळखीच्या कोणाकडे तोच चार्जर असेल तर दहा मिनिटं लावून बघा.

धूळ आणि उष्णता

कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांपैकी एक टाका. नुसतं बसलेलं असताना ४० ते ५५ अंश सेल्सिअस, कामात ७० ते ८५ असेल तर ठीक. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा यात पाच-दहा अंश वाढ धरा. ९५ ते १०० च्या आसपास पोचला की सीपीयू जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पंखा जोरात आणि काम मंद, या लक्षणाचं मूळ हेच.

डेस्कटॉप स्वतः साफ करता येतो. बंद करा, वायर काढा, कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेट गॅलरीत न्या. ब्लोअर हातभर लांबून मारा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने ती भलत्या वेगाने फिरली की बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्युम क्लीनर नको, त्याच्या नळीला स्थिर वीज तयार होते. सीपीयूच्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत धुळीचा नमदा बसलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही. बॅटरीचा उजेड टाकून बघा.

साफ करूनही तापत असेल तर सीपीयू आणि त्या पट्ट्यांमधली थर्मल पेस्ट बहुधा वाळलेली आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चार-पाच मिलिमीटरचा एकच ठिपका मध्ये ठेवायचा, पसरवायचा नाही. इंटेलच्या जुन्या पंख्याला चार टाचण्या असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि मदरबोर्डच्या मागून चारही बाहेर आल्यात का ते बघा. एक सुटली तरी पंखा तिरका बसतो आणि तापमान पहिल्यापेक्षा वाढतं. एएमडीच्या एएम४ मदरबोर्डवर कुलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून सीपीयू सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करा, मग कुलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून काढा.

लॅपटॉपची जाळी बाहेरून साफ करणं एवढंच घरी करा. आत चपट्या रिबन केबल असतात, एकीचं कुलूप तुटलं की कीबोर्ड जातो.

डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उतरवा. उघडताच "गुड", "कॉशन" किंवा "बॅड" दिसतं. एवढ्यावर न थांबता फिरत्या डिस्कसाठी खालच्या तक्त्यातल्या चार ओळी बघा: ०५, सी५, सी६ आणि सी७. शेवटच्या रकान्यात शून्यं असावीत.

०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे). आकडा लहान आणि महिनोन् महिने तोच असेल तर डिस्क काही काळ चालेल. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर. मधूनच वीस सेकंद गोठण्याचं कारण हेच: डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर विंडोज थांबून राहतं. सी६ म्हणजे सुधारता न आलेले. सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. सगळ्यात गरजेचं आधी, सिनेमे शेवटी. अशा डिस्कवर डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) चालवू नका, चेकडिस्कची खोल तपासणीही नको. दोन्ही डिस्कच्या कानाकोपऱ्यात फिरतात आणि उरलेलं आयुष्य संपवतात.

सी७ वाढत असेल आणि बाकी तीन शून्य असतील तर खूश व्हा. डिस्क चांगली आहे, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल खराब आहे. नवी केबल शंभर-दीडशे रुपयांच्या आत येते. ती बदला आणि मदरबोर्डवर दुसऱ्या खाचेत लावून बघा. सी७ चा जुना आकडा पुसला जात नाही, तो वाढायचा थांबला की झालं.

डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. परत सुरू करून "एकदा बघू" नको. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

रॅम

घरगुती कामाला आज ८ जीबी किमान धरा. ४ जीबीत विंडोज आणि एक ब्राउझर बसतो, तिसऱ्याला जागा नसते. खरेदीआधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे "सिस्टिम टाइप" बघा. ३२ बिट लिहिलेलं असेल तर वाढवलेली रॅम दिसणारच नाही. आधी ६४ बिट विंडोज टाकावं लागेल.

डीडीआर३ आणि डीडीआर४ हे रॅमचे प्रकार. त्यांच्या पट्ट्यांवरचा काप वेगळ्या जागी असतो, एक दुसरीच्या खाचेत बसत नाही. डीडीआर३ मध्ये मात्र फसगत होते: साधी १.५ व्होल्टची आणि "एल" वाली १.३५ व्होल्टची दिसायला सारखीच. बऱ्याच लॅपटॉपना फक्त "एल" चालते. जुनी पट्टी काढून दुकानात दाखवा, ओळखायला तेवढं पुरतं. दोन खाचा असतील तर एकच ८ ची ठेवण्यापेक्षा ४ अधिक ४ ने ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं) मिळतो, आणि सीपीयूतल्याच ग्राफिक्सला त्याचा उपयोग होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुनी रॅम स्वस्त मिळते. ती घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर निदान महिन्याची बदलून द्यायची हमी लिहून घ्या.

एसएसडी

फिरत्या डिस्कच्या मशीनवर पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते इथे घाला. कारण यंत्रातच आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि वाचणारा हात योग्य रेघेवर न्यायला साधारण तेवढाच वेळ. सेकंदाला शंभराच्या आसपास विखुरलेली वाचनं, त्याहून जास्त तिला जमत नाही. लॅपटॉपमधली ५४०० ची डिस्क त्याहून मंद. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान फाइली मागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे हा खोळंबा नाहीसा होतो. साध्या साटा एसएसडीचा ५०० एमबीचा वेगही जुन्या मशीनला पुरेसा आहे.

२५६ जीबीत विंडोज आणि प्रोग्रॅम आरामात बसतात. परवडत असेल तर ५०० घ्या. लॅपटॉपमध्ये एम.२ (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच आहे म्हणून कुठलीही पट्टी चालेल असं नाही. काही खाचा फक्त साटा ओळखतात, काही फक्त एनव्हीएमई हा जास्त वेगवान प्रकार. मॉडेल नंबरवरून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी नावाच्या चौकटीत जुनी डिस्क बसवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, मोजून घ्या. हजार रुपयांत २ टीबी एसएसडी कोणी देत असेल तर आत लहानसं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा असतो.

जुन्या डिस्कचं क्लोन (हुबेहूब प्रत) करायचं की नव्याने विंडोज टाकायचं? डिस्क निरोगी आणि विंडोज स्वच्छ असेल तर क्लोन, एरवी नव्याने. आजारी डिस्कचं क्लोन अर्ध्यात अडकतं, आणि व्हायरसचं क्लोन केलं तर व्हायरसही सोबत येतो.

नव्याने विंडोज टाकण्याआधी

"फॉरमॅट मारून देतो" हे दुकानात पहिल्या मिनिटाला ऐकू येतं. मशीन मोकळं होतं खरं, पण जे जातं ते परत येत नाही. म्हणून आधी एवढं हाताशी ठेवा. सी मधल्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सची प्रत. टॅलीच्या डेटाचा बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का याची खात्री. डिजिटल सही वापरत असाल तर त्या टोकनचा ड्रायव्हर. लायसन्सवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची चावी किंवा डोंगल. आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली युनिकोडमध्ये नसतात. फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही पडद्यावर अगम्य अक्षरं दिसतात. विंडोजच्या "फॉन्ट्स" फोल्डरमधून ते वेगळे काढून ठेवा.

लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) सुरू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का ते बघून कागदावर उतरवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) बदल झाल्यावर ती ४८ अंकी की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डेटा दुकानदारालाही उघडता येत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठरवली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्याआधीच्या मशीनवर ते आडमार्गाने बसवून देणारे भेटतात, पण पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. असं मशीन फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि पत्रं टाइप करायला असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली) टाका. ४ जीबीतही तो बरा चालतो आणि मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. टॅली किंवा डिजिटल सहीवर काम असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका.

इथे थांबा

बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर चार्जर काढा, बंद करा, दाबू किंवा टोचू नका आणि बदलून घ्या. एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याचा) डबा उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. जळका वास, मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर, लॅपटॉपवर चहा-पाणी सांडणं, टक-टक करणारी डिस्क, फाइलींची नावं आपोआप बदलून पैसे मागणारा पडदा, यांपैकी काहीही असेल तर घरचे प्रयोग नकोत.

खर्च कुठे थांबवायचा तेही ठरवा. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी सोल्डर केलेली रॅम आणि ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डवरच जोडलेली साठवण) असा लॅपटॉप असेल तर त्यात बदलण्यासारखं काहीच नसतं. सी रिकामा ठेवा, मिंट टाकून बघा, त्यापलीकडे पैसे घालू नका.

दुकानात द्यायची वेळ आली तर वर टिपलेला कागद सोबत न्या आणि काम लिहूनच द्या: "एसएसडी बसवणे, जुनी डिस्क फॉरमॅट न करता परत देणे." ब्राउझरमधून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड आधी काढून टाका. काढलेला प्रत्येक भाग परत मागा. जुनी डिस्क महिनाभर तशीच बाजूला ठेवा. काहीतरी उतरवायचं राहिलं होतं हे सहसा दोन-तीन आठवड्यांनी, एखादा अर्ज भरताना कळतं.